जाडीचा नकाशा

१२ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत असते. या वेळी मी ती सोडून देतो आहे. तू साठी ओलांडलीस आणि माझ्या आशीर्वादावाचून तुझं काही अडलेलं दिसलं नाही.

पत्ता जुनाच घातला आहे. तू घर बदललं असशील तर पत्र कुठे जाईल, कोण फोडेल, याची सकाळपासून काळजी लागली आहे. तुझ्या वहिनीचं म्हणणं, सव्वीस वर्षं न लिहिणाऱ्याने आता पत्त्याची काळजी करू नये. कागद घेताना बघितल्यावर ती एवढंच म्हणाली, "भावजींना लिहिताय ना? मग बीपीची गोळी आधी घ्या." घेतली आहे.

कामाचं सांगतो. मंगळवारी तुझी एक गिटार माझ्या बाकावर आली. घेऊन येणारा उंच माणूस आहे, हॉटेलात जॅझ वाजवतो, दुकानातही गळ्यातला मफलर काढत नाही. मी तुझा भाऊ हे त्याला माहीत नव्हतं. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की शाळांची व्हायोलिनं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, त्याला दाखवून बघ. तो म्हातारा मी.

तारा मानेवरच्या पट्टीला लागून खरखरतात, अशी त्याची तक्रार. मी आधी घोडी बघितली. तारांचं ओझं पेलणारी ती लाकडी घोडी त्याने दोन्ही बाजूंची चाकं फिरवून फिरवून इतकी वर नेली होती की चाकांना आणखी फिरायला जागाच नव्हती. मग मी वरच्या फळीवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून उजेड बघितला. घोडीखाली फळी बसली आहे. जिथे टेकडी असायला हवी तिथे बशी झाली आहे.

मफलरवाल्याला काही कळेना. मी त्याला समजावलं की ही गिटार साध्या गिटारीसारखी सपाट नसते. अंगठ्याच्या दुप्पट जाडीच्या फळीतून, व्हायोलिनसारखं, आतून-बाहेरून कोरून पोट काढलेलं असतं. ते पोटच तारांचा दाब उचलून धरतं. ते बसलं की झालं. त्याने विचारलं, कशाने बसलं? मी म्हणालो, हवामान.

भोकातून बॅटरी मारून आतली चिठ्ठी वाचली. तुझं नाव, क्रमांक एकोणीस, आणि खाली छापलेलं, 'हाताने कोरलेली'. कोणाच्या हाताने, ते छापायला जागा पुरली नसेल.

मी काही विसरलेलो नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. माझ्या उजव्या डोळ्यात मेपल लाकडाची कपची गेली तेव्हा मी अकरा दिवस इस्पितळात होतो. पाचव्या दिवशी तू संत्री घेऊन आलास, सोलूनही दिलीस. बाराव्या दिवशी मी घरी आलो तर कारखान्यात साचे नव्हते, सुकवून ठेवलेलं स्प्रूसचं लाकूड नव्हतं, जाडीचा नकाशा नव्हता आणि तू नव्हतास. वेगळा निघालास, ते एक वेळ मी गिळलं असतं. पण जाताना तू एकेका वाजवणाऱ्याला सांगत गेलास की दादाचे डोळे गेले, आता त्याच्या हातून कोरीव काम होणार नाही. माझा डोळा तीन आठवड्यांत बरा झाला. तुझं बोलणं मात्र कोणाच्या डोक्यातून निघालं नाही. त्यानंतर माझ्याकडे एकही जण फळी कोरून घ्यायला आला नाही. हॉटेलच्या खुर्च्या आल्या.

क्रमांक एकोणीस का बसली ते मला ठाऊक आहे. तुला सांगणार नाही. तू बसून विचार कर.

दादा

१८ ऑक्टोबर

धाकट्या,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो. माझं शिक्षण सातवीपर्यंत, लिहिल्याशिवाय माझा विचार नीट लागत नाही.

आपला जुना चिमटा तुला आठवत असेल. जाडी मोजायचा, आपल्या आबांनी पितळेच्या पट्ट्यांतून केलेला, वर काटा असलेला. तू त्याला भंगार म्हणायचास आणि घड्याळासारख्या चकतीचा नवा चिमटा आणला होतास. ज्या दिवशी तू कारखाना रिकामा केलास, त्या दिवशी भिंतीवर एकच वस्तू उरली होती. तो चिमटा.

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या अवस्थेत मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो. वहिनी रडत होती. मला आधी काही सुचेना आणि मग सुचलं ते इतकं गोड होतं की मी स्टुलावर बसून हसलो. तिला वाटलं मला धक्का बसला.

त्या चिमट्याची टोकं झिजली होती, कधीपासून ते आबांनाच माहीत. पूर्ण बंद केला, काटा शून्यावर आला, तरी दोन टोकांत एका मिलिमीटरची फट राहायची. म्हणजे सहाची फळी तो पाच दाखवायचा. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी फळी अंगठ्याने दाबून, बोटाने ठोकून, कानाने ऐकून कोरायचो आणि काम झाल्यावर चिमट्याने मोजायचो, पुढच्या वेळी आठवावं म्हणून. घरचं माणूस जसं बोलतं तसं आपण समजून घेतो, तसा मी तो चिमटा समजून घ्यायचो.

नकाशा मी तुझ्यासाठी काढला होता. तुझा अंगठा अजून तयार झाला नव्हता, म्हणून. मांजरपाटावर फळीचा आकार काढून त्यावर छत्तीस ठिकाणी आकडे लिहिले. मध्ये पाच, कडेला अडीच. सगळे झिजलेल्या चिमट्याचे. खरे म्हणजे सहा आणि साडेतीन. चिमटा झिजला आहे हे तुला सांगायचं राहून गेलं. त्या वेळी खरंच राहून गेलं, त्यात माझ्या मनात काही नव्हतं.

तू नकाशा नेलास आणि चिमटा सोडून गेलास. नव्या, बिनचूक चिमट्याने तू पाच म्हणजे पाचच ठेवणार आणि अडीच म्हणजे अडीचच. प्रत्येक फळी एका मिलिमीटरने पातळ. हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

पातळ फळी आधी फार सुरेख बोलते, हे तुला सांगायला नको. तुझ्या पहिल्या दोन-तीन गिटारी बाहेर पडल्या आणि जो तो म्हणू लागला, काय आवाज, काय मोकळा गळा. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला. मी तो कापून बाकाच्या खणात ठेवला आणि वर्षं मोजत बसलो. दहा वर्षं फळी तग धरेल, चांगल्या लाकडाची असेल तर पंधरा. दरवर्षी वाटायचं, यंदा. मग काळजी वाटायची की मीच चुकलो असेन, लाकूड कदाचित टिकेल, आणि मी आधी मरेन.

नाही मेलो. एकोणीस माझ्या बाकावर उताणी पडली आहे आणि मी दिवसातून चार वेळा पट्टी धरून खालचा उजेड बघतो.

एक पत्र टाकलं की तुला सगळं कळेल. म्हणून टाकत नाही.

३० ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तू लिहितोस, गिऱ्हाइकाने गाडीत उन्हात ठेवली असणार, माझ्या कामात दोष नाही, तुला काय हवंय ते सरळ लिही. सव्वीस वर्षांनी दीड ओळ. अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, तुझं तर वळणदार होतं. वहिनी म्हणाली, हात कापत असतील. मी म्हणालो, कापू देत.

मला काय हवंय विचारतोस तर ऐक. मला काहीही नकोय. मला नुसतं बघायचं आहे.

परवा दुसरी आली, क्रमांक अकरा. मफलरवाल्यानेच पाठवली, त्याच्या ओळखीची एक बाई शाळेत संगीत शिकवते, तिची. हिची फळी इतकी बसली आहे की आतली एक आधाराची पट्टी सरसातून सुटून खुळखुळते. बाई बिचारी माझ्याशी असं बोलत होती जसं डॉक्टरांशी बोलतात. मी तिलाही हवामान सांगितलं. तिने विचारलं, तारा उतरवून ठेवू का? मी म्हणालो, तशी गरज नाही. तारा उतरवल्या असत्या तर फळीवरचा दाब गेला असता आणि आणखी बसायची थांबली असती, आतून पट्टी लावून वाचवता आली असती. पण मग तुझी बशी अर्धवट राहिली असती.

तुझ्या अशा किती असतील याचा हिशोब मी बोटांवर करतो. चाळीसच्या वर धरतो. एकेक करून सगळ्या बसणार, आणि दर वेळी लोक आतली चिठ्ठी वाचणार.

तुला एक सांगायचं विसरलो. काल इथे फोन आला होता, तुझ्या मुलीचा. मी उचलला आणि आवाज ओळखला नाही. काका म्हणाली तेव्हा रिसीव्हर वहिनीकडे दिला. ती पुढच्या आठवड्यात येते आहे. तुला सांगून येते की न सांगता, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

दादा

९ नोव्हेंबर, दुपार

धाकट्या,

तुझी मुलगी सव्वाअकराच्या बसने निघाली. संध्याकाळी तुझ्याकडे पोचेल. हे पत्र परवा मिळेल, म्हणजे तू हे वाचशील तेव्हा तुला सगळं कळलेलं असेल, तेही तिच्या तोंडून.

परवा दुपारी ती आली. दारात उभी राहिली तेव्हा ढोपरापर्यंतच्या कोटात आबाच उभे असल्यासारखी दिसली, तसेच खांदे. सात वर्षांची असताना माझ्या बाकाखाली ढलप्यांत बसायची, ते तिला आठवत होतं. काकूला मिठी मारली, मला नमस्कार केला, आणि काखेतलं गुंडाळं बाकावर ठेवून उलगडलं. आत वरची फळी होती, कोरून पूर्ण झालेली, अजून पॉलिश न लावलेली. ही तिची स्वतःची पहिली. तुझे हात आता पटाशी धरत नाहीत, काम तिच्याकडे आलं आहे, हे मला तेव्हा कळलं. तू कार्डावर लिहिलं नाहीस. मीही कधी विचारलं नव्हतं, ते खरं.

ती म्हणाली की बाबा चांगली म्हणतात, पण बाबा बाप आहेत. मला ज्याने बाबांना शिकवलं त्याच्याकडून ऐकायचं आहे.

मी फळी उचलली. धाकट्या, काम काय आहे तिचं. कडेचा उतार पाण्याने कापल्यासारखा. दोन बोटांत लोंबती धरून ठोकली तर घंटेसारखी वाजली, खूप वेळ वाजत राहिली. आणि अंगठ्याने मध्यावर दाबली तर दबली. सगळीकडे एक मिलिमीटर कमी. तुझा नकाशा, म्हणजे माझा.

मी तिला म्हणालो, छान झाली आहे. असंच कर.

इतकं सोपं होतं. तू आयुष्यभर जे उभं केलंस ते तुझ्यानंतरही बसत राहील, तुझ्या मुलीच्या नावाने बसेल, आणि मला काही करावंही लागणार नाही, दोन शब्द पुरे. तिचा चेहरा असा खुलला की मला तिच्याकडे बघवेना. काकूने तिला जेवायला बसवलं. मी जेवलो नाही. ती पाहुण्यांच्या खोलीत गेल्यावर वहिनी भांडी पुसत माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याने तुमचं काय केलं ते मला माहीत आहे. हिने काय केलंय?"

सव्वीस वर्षांत वहिनीने मला कधी अडवलं नाही. चिमट्याचं तिला मी चौथ्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती की तुम्हाला झोप लागते ना, मग झालं.

काल दिवसभर मी तुझ्या मुलीला टाळलं. तिने आपण होऊन क्रमांक अकराची सुटलेली पट्टी काढून साफ केली, मी न सांगता. आज सकाळी चहा झाल्यावर मी भिंतीवरून चिमटा काढला आणि तिच्यापुढे बंद केला. काटा शून्यावर. मग म्हणालो, टोकांकडे बघ.

ती हुशार आहे. मला दुसरं वाक्य बोलावं लागलं नाही. तिने चिमटा खिडकीकडे धरून फटीतून उजेड बघितला, मग आपली फळी बघितली, मग बाकावरच्या तुझ्या दोन गिटारी.

"काका, तुम्हाला हे माहीत होतं?"

मी हो म्हणालो.

"किती वर्षं?"

तेही सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा मला काहीतरी लागेल असं बोलेल. माझी तयारी होती, मी इस्पितळाचं, संत्र्याचं, डोळ्यांचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. तिने काही विचारलं नाही. स्टुलावर बसली आणि फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. नकाशा तू काच लावून भिंतीवर ठेवला आहेस. तिने एकदा तुला विचारलं होतं, बाबा, हाताला पातळ लागते, थोडी जाड ठेवू का? तर तू म्हणालास, "माझ्याही हाताला पहिल्यापासून पातळ लागते. पण दादाने लिहिलंय. त्यातला एक आकडा हलवायचा नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं असं समजू नकोस. मला राग आला, तुझाच. सव्वीस वर्षं मी धरून चाललो होतो की तुझा अंगठा मेलेला आहे, तुला कळतच नाही. तुला कळत होतं. हाताला लागत होतं तर स्वतःचा हात का ऐकला नाहीस? मला एक कार्ड टाकायला काय झालं होतं? माझं सगळं नेलंस, माझं नाव मातीत घातलंस, आणि माझा एक आकडा मात्र देवासारखा पुजत बसलास. असल्या माणसाचं मी काय करावं?

फळी वाया गेली आहे. कमी झालेलं लाकूड परत लावता येत नाही. तिने ती पुन्हा गुंडाळली, अगदी सावकाश, कडा न दुमडता. मी म्हणालो, दीड महिन्याचं काम गेलं तुझं. ती म्हणाली, अडीच महिन्यांचं.

जाताना मी तिला विनंती केली. हो, विनंतीच म्हण. बाबाला मला सांगू दे, तू सांगू नकोस. तिला वाटलं असेल म्हाताऱ्याला माफी मागायची आहे. खरं काय ते तुला लिहायला हरकत नाही. मला तुझ्या घरी येऊन, तुझ्या त्या काचेसमोर उभं राहून, तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, आणि सांगताना तुझा चेहरा बघायचा होता. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गोळ्या वेळेवर घेतल्या.

ती दारात बूट चढवत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आजच सांगणार, काका. बाबांना बसवून, हळूच सांगणार. तुम्ही कधीपासून गप्प होतात तेही सांगणार, आणि शेवटी तुम्हीच सांगितलंत तेही." मग काकूच्या पाया पडली. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि गेली.

म्हणजे तुला सगळं प्रेमाने सांगितलं जाणार, पाण्याचा पेला पुढे ठेवून. माझं एवढंही तुझ्या घरच्यांनीच नेलं.

१८ ऑक्टोबरचं न टाकलेलं पत्र सोबत जोडलं आहे. त्यात चिमट्याचं सगळं आहे, खरे आकडेही आहेत. ते तिने वहीत उतरवून घेतले आहेतच, तरी पडताळून बघा, माझ्या लिहिण्यावर पुन्हा डोळे मिटून विश्वास ठेवू नका. बाकावरच्या दोन्ही गिटारींच्या तारा मी सैल केल्या आणि संगीताच्या बाईंना आणि मफलरवाल्याला आत्ताच फोन करून खरं कारण सांगितलं. दोघांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? मी सांगितलं की आधी सांगायचं नव्हतं. बाईंनी फोन ठेवून दिला. बाकीच्यांचे पत्ते तुझ्याकडे असतील. सगळ्यांना आजच कळव. गिटारी माझ्याकडे पाठवायच्या तर पाठव, आतून पट्ट्या लावून देईन. जिथे लाकडात जीव असेल त्या उभ्या राहतील, सगळ्या राहणार नाहीत. मी हे तुला माफ केलं म्हणून करत नाही. माफ केलेलं नाही, तसं मनातही आणू नकोस.

तुझ्या घरी जी गिटार आहे तिच्या तारा तूच उतरव, हात कापत असले तरी. सहाही तारा थोड्याथोड्या, बरोबरीने उतरव, एक पूर्ण आणि एक तशीच असं करू नकोस. आणि घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते, दाब गेला की ती सरकेल. त्याआधी तिच्या पायांभोवती पेन्सिलीने खूण करून घे. परत बसवताना तुझी घोडी नेहमी अर्धं सूत डावीकडे जायची.

दादा